लायसोझाइमचे स्फटिक मध्येच थांबले, या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या दांडिया बाजारच्या दुकानातून नेलेल्या 'शुद्ध' लायसोझाइमचे (अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाचे) स्फटिक जेमतेम 0.1 मिमी झाले आणि थांबले, काही थेंबांत तर नुसता बारीक सडा पडला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सडा पडतो तो बहुतेक वेळा धुळीमुळे आणि न विरघळलेल्या कणांमुळे. 0.1 मोलर सोडियम अ‍ॅसिटेटमधलं (पीएच 4.5) लायसोझाइमचं द्रावण सेंट्रीफ्यूजमध्ये 12,000 जीला (गुरुत्वाकर्षणाच्या 12,000 पट) 10 मिनिटं फिरवा, मग 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा. स्फटिक पाडायला घालता ते मिठाचं द्रावणही गाळा, ते हमखास राहून जातं.

वाढ थांबणं जास्त अवघड. बाटलीवरच्या शुद्धतेच्या टक्क्यापेक्षा उरलेल्या भागात काय आहे हे महत्त्वाचं. त्यात थोडं मीठ असलं तर फक्त हिशोब बदलतो: वजनावर न जाता 280 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, 1 मिग्रॅ/मिलीला सुमारे 2.64 येतं. पण अंड्यातून आलेलं ओव्हाल्ब्युमिन (रेणुभार 45 किलोडाल्टन), ओव्होट्रान्सफेरिन (सुमारे 78) आणि लायसोझाइमचाच डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडी (सुमारे 28), वाढीत आडवे येतात. डायमर विशेष त्रासदायक. त्याचा अर्धा भाग हुबेहूब लायसोझाइम, म्हणून तो स्फटिकाच्या पायरीवर (वाढत्या थराच्या कडेवर) नीट बसतो, पण दुसरा अर्धा पुढच्या रेणूची जागा अडवतो. थेंबातलं प्रथिन संपत येऊन अतिसंपृक्तता (विरघळू शकतं त्याहून जास्त प्रथिन द्रावणात असणं) उतरली की तोच अडथळा पायरीला पूर्ण रोखतो. म्हणूनच सुरुवात चांगली होऊनही पुढे सगळं ठप्प होतं.

तपासायला प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या एका खान्यात मुद्दाम 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त माल घाला आणि सिल्व्हर स्टेन (चांदीने पट्टे रंगवणं) करा. थोडा माल घालून कुमॅसी (नेहमीचा निळा रंग) केलं तर हे पट्टे दिसतच नाहीत. डायलिसिसने (बारीक छिद्रांच्या नळीतून लहान रेणू बाहेर जाऊ देण्याने) मीठ जाईल, डायमर जाणार नाही. त्यातही 12-14 किलोडाल्टनची नेहमीची नळी वापरू नका, 14.3 किलोडाल्टनचं लायसोझाइमच तिच्यातून निसटतं, 3.5ची घ्या. डायमर काढायला रेणू आकारानुसार वेगळे करणारा सुपरडेक्स 75 कॉलम लागेल.

आणखी एक बघा: रात्री एसी बंद होतो का? बडोद्याच्या उन्हाळ्यात खोली तापते, लायसोझाइमची विद्राव्यता वाढते आणि कडा गोल होतात. डबा 20 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

त्याच लॉटच्या सीलबंद बाटल्या आमच्याकडे आहेत. जेलचा फोटो घेऊन या. 28 किलोडाल्टनच्या आसपास (डायमरचा) ठळक पट्टा असेल तर वेगळ्या लॉटची बाटली बदलून देऊ, वरचे पैसे घेणार नाही.