पुलावर गाडी थांबवा, काच खाली करा

आपल्या गावात एखादी जुनी गोष्ट चुकून नीट झाली की लोकं लई अस्वस्थ होतात, हे मी बऱ्याच वर्षांपासून बघायलोय. दरवाजा पडायला आला होता तेव्हा कुणालाच काही त्रास नव्हता. नदीचा नाला झाला होता तेव्हा तर सगळे एकदम खुश. मग खाम नदीचा काठ साफ झाला, लोखंडी पुलाजवळ इको पार्क झालं, काही दरवाज्यांची डागडुजी झाली, रात्री कमानीवर लाइट पडायला लागले आणि पब्लिकसमोर प्रश्न उभा राहिला की आता याचं करायचं काय? कचरा टाकायचा तर जागा स्वच्छ, आडोशाला उभं राहायचं तर समोर बेंच. तर अशी पंचाईत झालेल्या समस्त छत्रपती संभाजीनगरकरांसाठी (ज्यांच्या तोंडात अजून जुनं नाव येतं त्यांच्यासाठीपण, पूल तोच आहे) थोडं मार्गदर्शन करतो. फुकट आहे, घ्या.

सुरुवात इतिहासापासून करू. इतिहासाचा एकच आकडा पाठ ठेवायचा, 52. बावन्न दरवाज्यांचं शहर! हे कुणालाही, कुठंही, छाती फुगवून सांगायचं. त्यातले उभे किती राहिले ते मोजायला जाऊ नका, मूड जातो. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकीला शहर वसवलं, 1612 चा भडकल दरवाजा त्याचा, नंतर औरंगजेबानं 1682 च्या सुमारास शहराभोवती तट घातला, दिल्ली, जालना, पैठण आणि मकाई असे चार दिशांना चार मोठे दरवाजे, असल्या तपशिलात काही ठेवलेलं नाही. पश्चिमेला खाम वाहते, तिच्यावर दगडी पूल आणि पुलाच्या टोकाला मकाई दरवाजा, तिकडं पाणचक्कीशेजारी तसाच पूल आणि महमूद दरवाजा, हे सगळं तुम्ही रोज गाडीवरनं ओलांडता पण मान वर करायचं कारण नाही. पाहुण्याला मकबरा दाखवायला नेताना वाटेत त्यानं विचारलंच, की हे काय आहे हो, तर "काहीतरी जुनं आहे" एवढं सांगून गिअर टाकायचा.

नहर-ए-अंबरीचा विषय तर अजिबात काढू नका. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी जमिनीखालून नुसत्या उतारावर शहरात आणून सोडलं. पाणचक्कीला अठराव्या शतकात मातीच्या नळांतून पाणी आणून त्याच्यावर जातं फिरवलं. ना मोटर, ना लाइट. आणि तुमच्या नळाला... जाऊ द्या.

आता पूल वापरायची पद्धत. दगडी कमानीचा पूल उभा कसा राहतो तर प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, वरचं वजन कमानीतनं खांबावर आणि खांबातनं खाली जमिनीत जातं. त्यात वाकायचं, ताणायचं काम नाही, नुसतं दाबून राहायचं. त्यामुळं तो शेकडो वर्षं टिकला. तो बांधला तेव्हा त्याच्यावरनं हत्ती, घोडे, बैलगाड्या जायच्या, म्हणजे वाळूचा हायवापण चालतोच, असा सरळ हिशोब करा. बाजूनं दुसरा रस्ता असला तरी त्या वाटेला जाऊ नका, अर्धा मिनिट वाया जातो. कमानीत दोन गाड्या मावत नसतील तर आधी घुसा, मग ठरवा. आरसा घासला तर दरवाज्याला शिव्या द्या, तो मधी आला.

रस्ता करणाऱ्यांसाठीपण एक सूचना आहे पण त्यांना ती आधीच माहितीय. जुनं डांबर खरवडायचं नाही. त्याच्यावर नवं टाकायचं, पुढच्या वर्षी त्याच्यावर अजून नवं. पुलाच्या डोक्यावर वजन वाढत जातं आणि दरवाजा दरवर्षी बुटका होत जातो, मग एक दिवस ट्रकचं टप कमानीला लागलं की "ऐतिहासिक दरवाजा धोकादायक" म्हणून फाइल करायची. पावसाचं पाणी जायची भोकं त्या डांबरानं बुजतात हे तर बोनस. पाणी मग दगडाच्या सांध्यात उतरतं, चुना धुऊन नेतं, फटीत पिंपळ उगवतो आणि पिंपळ तोडायचा कुणी, पाप लागतं ना.

फटी पडल्या तर सिमेंट भरा. खरं म्हणजे जुनं काम चुन्याचं असतं. चुना भिजवून आठवडेच्या आठवडे मुरवायचा, त्यात सुरखी म्हणजे विटेची पूड, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, असं सगळं दगडी चाकाच्या घाणीत दळायचं, आणि मग तो भिंतीत गेल्यावर हवा खात खात सावकाश घट्ट होतो. ओल आत गेली तर त्यातनं बाहेर येते. सिमेंट तसं नाही, ते ओल आत कोंडून ठेवतं, क्षार फुलतात आणि शेजारचं चुन्याचं काम, दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. पण घाणी लावून चुना दळायला लई दिवस लागतात आणि उद्घाटनाची तारीख तर ठरलेली असते. तेव्हा भरा सिमेंट. फोटोत कळत नाही.

नाव कोरायचं असेल तर बदामासकट कोरा.

बागेत आलात की आधी आय लव्हच्या अक्षरांवर चढा, त्यासाठीच ती केलीत. काठावर करंज, उंबर, अर्जुन असली आपली झाडं लावलेली दिसली की "यापेक्षा लॉन मारलं असतं तर" असं मोठ्यानं म्हणा. नदीकाठची बेशरम काढून टाकली याचं मला मात्र खरंच वाईट वाटतं, गावात तेवढंच एक झुडूप आपल्या स्वभावाचं होतं. हिमायत बागेत सकाळी चालायला जात असाल तर मोबाइलवर भजन फुल्ल आवाजात लावा, तिथल्या पाखरांना पण ऐकू द्या. तिथल्याच फळ संशोधन केंद्रातली फळं मात्र संशोधनासाठी असतात हे विसरलात तर चालेल, सगळेच विसरतात.

आणि आता मुख्य विषय, निर्माल्य.

याची पद्धत नीट समजून घ्या कारण मी ती परवाच जवळनं बघितली. महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. एक मोठी पांढरी गाडी पुलाच्या बरोब्बर मधोमध थांबवायची. कडेला नाही, मधोमध. काच खाली करायची. मग लक्षात येतं की पिशवी तर डिक्कीत आहे म्हणून दार उघडायचं, सावकाश उतरायचं, पॅंट नीट करायची. मागं रिक्षा, सिटी बस, दूधवाला, कॉलेजची पोरं, सगळी रांग लागली तरी घाई करायची नाही, हे धर्माचं काम आहे. डिक्कीतनं पिशवी काढायची. पिशवीत हार, फुलं, आघाडा, केळीची पानं ठीक आहे, पण त्याच्याबरोबर थर्माकोलचं मखर मोडून, प्लास्टिकच्या माळा, दोन तडकलेल्या फ्रेमा देवाच्या, मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि मला वाटतं एक जुनी चप्पलपण होती, शपथ घेऊन सांगत नाही पण दिसली तशी. मग कठड्याला लावलेली जाळी जिथं संपते ती जागा हेरायची, म्हणजे जाळी कशासाठी लावलीय हे साहेबांना चांगलं माहिती होतं बरं का, डोळे मिटून हात जोडायचे, दोन सेकंद खरंच भक्तिभावानं, आणि दिली भिरकावून. पिशवी पाण्यात पडलीसुद्धा नाही. काठावर लावलेल्या रोपावर पडली, रोप आडवं झालं आणि पिशवी फुटून सगळं तिथंच पसरलं.

मी गाडीवरनं उतरलो आणि म्हणलं, साहेब, पुलाच्या तोंडाशी निर्माल्याचा कलश ठेवलाय, तिथं टाकलं असतं तर. तर म्हणाले तो भरलाय. तो रिकामा होता, मी येताना बघितला होता. मग म्हणाले, "तुम्ही नगरसेवक आहात का?" मी म्हणलं नाही. "मग?" आता या मगला काय उत्तर द्यायचं? वरनं, "देवाचं आहे, घरात ठेवू का, पाण्यातच सोडायचं असतं." गाडीतनं ताईंचा आवाज, "अहो चला, कुणाच्या नादी लागता." आणि मजा म्हणजे मागं जे सगळे हॉर्न वाजवत होते ना, ते त्यांच्यावर नव्हते वाजवत. माझ्यावर. एक पोरगा तर गाडी शेजारी आणून मला समजुतीनं म्हणाला, "काका, सोडा ना, वाद कशाला घालायला."

बरं, पाण्यातच सोडायचं असतं म्हणता, तर ते पाणी कुठं जातं हे तरी बघा. खाम इकडं जटवाड्याच्या डोंगराकडनं येते, शहरातनं जाते आणि पुढं गोदावरीला मिळते, नाथसागरात. नाथसागर म्हणजे जायकवाडी. आणि तुमच्या घरी ज्या दिवशी पाणी येतं (हो हो, त्याच दिवशी, टाकीवर, हौदावर, पिंपात, तपेल्यात भरून घेता ते) ते कुठनं येतं? जायकवाडीतनं. म्हणजे साहेबांनी देवाला हात जोडून जे सोडलं ते फिरून साहेबांच्याच देवघरातल्या तांब्यात येणार आहे. प्लास्टिकची माळ येणार नाही एवढंच, बाकी सगळा अर्क. इकडं गोदावरीला गंगा म्हणायचं, पैठणला जाऊन डोकं बुडवायचं, आणि तिच्यात मिळणाऱ्या नदीला काय करायचं तर ड्रेनेज सोडायचं, मलबा टाकायचा, कोंबड्यांची पिसं टाकायची, पात्र अडवून प्लॉट पाडायचे आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी गाडी थांबवून मखर फेकायचं. आणि पावसाळ्यात पाणी घरात घुसलं की पुन्हा विचारायचं की प्रशासन काय झोपलंय का? झोपलंय ना, नाही कोण म्हणतंय! पण पिशवी प्रशासनानं नाही फेकली. पांढरी गाडी प्रशासनाची नव्हती, निदान तसा बोर्ड तरी नव्हता.

चला, अजून एक-दोन सूचना राहिल्यात. वरातीचा डीजे दरवाज्याखाली आणून थांबवा, कमानीत आवाज घुमतो. वाढदिवसाचं बॅनर दरवाज्याच्या खिळ्यालाच...

नाही, बस झालं, मला आता हे गमतीत लिहवत नाही.

अरे, चांगलं झालेलं निदान चार वर्षं तरी राहू द्या ना! त्या काठावर माणसं उतरून हातानं कचरा काढत होती, सकाळी सकाळी, नाकाला फडकं बांधून, मी बघितलंय. सफाई कर्मचारी होते, शाळेची पोरं होती. तुम्ही त्यांना लाइक केलं, शेअर केलं, "प्राउड ऑफ माय सिटी" लिहिलं आणि त्याच नदीत पिशवी टाकून आलात. तुम्हाला निधी द्यायचा नाही, दगड घडायचा नाही, चुना दळायचा नाही. फक्त टाकायचं नाही. एवढं एक काम, ते पण जमत नाही? शिकलेली माणसं आहात, मुलांना पुण्याला ठेवलंय, सिंगापूरला जाऊन येता आणि तिकडं चॉकलेटचा कागद खिशात ठेवता, मग इथं काय होतं?

हार-फुलं कुंडीत मातीखाली घाला, खत होतं. फ्रेमचा कागद काढा, काच वेगळी करा, घंटागाडीत द्या. मखर धुऊन माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी तेच लावा, महालक्ष्म्या रागवत नाहीत. आणि कुणी पुलावरनं टाकताना दिसलं तर हॉर्न त्याच्यावर वाजवा, त्याला अडवणाऱ्यावर नाही. "सोडा ना काका" म्हणणाऱ्या पोरा, तू वाचत असशील तर तुला पण सांगतो, मी सोडणार नाही. पुढच्या वेळी तू पण गाडी बाजूला लाव आणि उतर खाली.