सरकार ऐकतच नाही, या दाव्याला उत्तर

गेली काही वर्षे एक मजकूर मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द बदलतात, म्हणणे तेच राहते: सरकारने एकदा ठरवले की ते मागे हटत नाही, इंटरनेटवरील निर्बंधांच्या बाबतीत जे थोडेफार बदलले ते न्यायालयांनी बदलले, लोकांनी नव्हे, लाखोंनी पाठवलेले ई-मेल कोणी वाचत नाही, आणि इंटरनेटच बंद करण्याची सोय सरकारच्या हातात असल्यामुळे आंदोलनाला काही अर्थ उरत नाही. या मजकुरामागचा वैताग मला समजतो. पण त्यातील पहिली तीन विधाने घडलेल्या गोष्टींना धरून नाहीत आणि चौथे अर्धेच खरे आहे. असे वाचूनच माणसे हरकती नोंदवण्याची मुदत हातची जाऊ देतात, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

पहिले विधान: सरकार मागे हटत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन (म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून कूटबद्ध करणे) धोरणाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. सामान्य नागरिकानेही आपल्या कूटबद्ध संदेशांची वाचता येईल अशी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि तपास यंत्रणांनी मागितली तर ती दाखवावी, असे त्यात म्हटले होते. आईला पाठवलेला निरोपसुद्धा तीन महिने पुसायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. लोकांनी तो तसाच वाचला आणि एकच गदारोळ उठला. आधी व्हॉट्सॲपसारख्या सेवांना वगळणारी पुरवणी घाईने काढण्यात आली; तेवढ्याने लोक शांत होईनात तेव्हा २२ सप्टेंबरला तत्कालीन मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मसुदाच मागे घेतल्याचे जाहीर केले. त्याच्या दोन महिने आधी, ३१ जुलैला, ८५७, बहुतांशी अश्लील मजकुराची, संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला होता. तोही आठवडाभरात सैल करून लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुरापुरता मर्यादित ठेवावा लागला.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर प्रसारण सेवा विधेयकाचे घ्यावे. २०२४ मध्ये त्याचा नवा मसुदा काही निवडक मंडळींनाच देण्यात आला. यूट्यूबवर बातम्या व घडामोडींवर बोलणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसालाही प्रसारकाच्या चौकटीत बसवण्याची तरतूद त्यात असल्याचे बाहेर आले आणि पत्रकार, यूट्यूबर व नागरी हक्कांच्या संघटनांनी ते लावून धरले. ऑगस्टमध्ये मंत्रालयाने वाटलेल्या प्रती परत मागवल्या आणि नवा मसुदा काढण्याचे जाहीर केले. ‘लोकांनी विरोध केला म्हणून थांबलो’ असे कोणतेही मंत्रालय आपल्या पत्रकात लिहीत नाही, एवढ्यावरून विरोधाचा परिणाम झाला नाही असे ठरवता येणार नाही.

दुसरे विधान अधिक गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा ठेवणारे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, हे खरेच आहे. पण निकालाच्या तारखेपासून मागे चालत गेल्यास वाट पालघरला पोहोचते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की माणसे रोज मरतात, तरीही जग चालत राहते, आणि आजचा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुरावर ‘लाइक’चे बटण दाबले. पोलिसांनी दोघींना अटक केली आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. एका बटणासाठी अटक होऊ शकते, हे त्या दिवशी घराघरांत कळले.

हे कलम २००९ पासून अंमलात होते. संसदेत ते फारशी चर्चा न होता मंजूर झाले होते आणि ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ यांसारख्या कसेही ताणता येणाऱ्या शब्दांवर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती. तीन वर्षे ते निवांत पडून होते, असे नाही. त्याखाली अटका होत होत्या, फक्त लोकांचे तिकडे लक्ष नव्हते. पालघरनंतर संतापाची लाट उठली. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना जाहीर पत्र लिहिले, ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांचे निलंबन झाले आणि दोघींवरील प्रकरण पुढे बंद करण्यात आले. त्याच महिन्यात श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे निकालाच्या दोन वर्षे आधी, केंद्राने राज्यांना कळवले की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम रद्द केले. यात न्यायालयाचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण न्यायालय स्वतःहून प्रत्येक कायदा तपासत बसत नाही. कोणीतरी दार ठोठवावे लागते, आणि ठोठावणाऱ्याच्या मागे समाज उभा असेल तर सरकारी वकिलाचे कामही तितकेच अवघड होते.

निकालानंतरची कथा तर या दाव्याच्या नेमकी उलट आहे. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. ते मोजून, आकडे घेऊन पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली, तेव्हा २०२१ मध्ये न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचे बोलून दाखवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कोणावरही या कलमाखाली खटला चालवू नये, असा स्पष्ट आदेश निघाला. नागरिकांनी पाठपुरावा केला नसता तर न्यायालयाचा निकाल कागदावरच राहिला असता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या केंद्राच्या ‘तथ्य तपासणी’ विभागाची तरतूद घटनाबाह्य ठरवली, त्या प्रकरणातही आव्हान देणारे एक विनोदी कलाकार आणि पत्रकार-संपादकांच्या संघटना होत्या.

ई-मेल कोणी वाचत नाही, या तिसऱ्या विधानाला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या कामकाजातूनच उत्तर मिळते. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीविषयी, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक मिळावी की नाही याविषयी, ११८ पानांचा सल्लामसलत-मसुदा काढला आणि २० प्रश्न विचारले. इतका किचकट दस्तऐवज सामान्य माणूस वाचणार नाही, हे ओळखून काही स्वयंसेवकांनी तो सोपा करून मांडला, प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि एका टिचकीत पाठवण्याची सोय केली. महिनाभरात दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. फ्लिपकार्टने त्याच एप्रिलमध्ये एअरटेल झीरोतून, म्हणजे कंपन्यांनी पैसे भरून आपले ॲप ग्राहकांना मोफत वापरू देण्याच्या योजनेतून, अंग काढून घेतले.

त्यानंतरचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. डिसेंबरमध्ये ट्रायने मजकुरानुसार इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्याविषयी नवे प्रश्न विचारले तेव्हा फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या, ठरावीक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरकर्त्यांकडून ठरावीक मजकुराचे लाखो संदेश पाठवले. ट्रायने कंपनीला लिहून कळवले की या संदेशांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत आणि सल्लामसलत म्हणजे जमवून आणलेला कौल नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी आली, उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपयांचा दंड ठरला, आणि तीन दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेले. म्हणजे ई-मेल वाचले गेले, इतके की नुसती गर्दी आणि युक्तिवाद यांतला फरकही करण्यात आला. विरोध करणाऱ्यांनी यातून आपल्यासाठीही धडा घ्यावा: तोच मजकूर लाख वेळा पाठवण्यापेक्षा प्रश्नाला धरून लिहिलेले एक पान अधिक काम करते.

हे भारतातच घडते असेही नाही. पोलंडमध्ये जानेवारी २०१२ च्या कडाक्याच्या थंडीत तरुण ॲक्टा या बनावट वस्तू व कॉपीराइटच्या उल्लंघनाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध रस्त्यावर उतरले, पंतप्रधान टुस्क यांनी मंजुरीची प्रक्रिया थांबवली, आणि जुलैमध्ये युरोपीय संसदेने तो करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला.

उरले चौथे विधान. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेले फोर-जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आले, आणि त्या दीड वर्षात कोणत्याही निषेधाने ते लवकर आणले नाही. कलम ६६-अ रद्द करणाऱ्या निकालानेच कलम ६९-अ कायम ठेवले. त्याखालील संकेतस्थळबंदीचे आदेश आजही गोपनीय असतात. हे मी नाकारत नाही. पण बंदी आली म्हणजे आंदोलन संपले, हा निष्कर्ष चूक आहे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस दिल्लीच्या सीमेवर शेतकरी आंदोलन चालू असलेल्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे इंटरनेट तोडण्यात आले, काही दिवसांत सुमारे अडीचशे ट्विटर खाती बंद करण्यास सांगण्यात आले. तरीही शेतकरी तिथेच राहिले आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला संसदेने तिन्ही कृषी कायदे रद्द केले.

काश्मीरमधील बंदीविरुद्धच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीला आढळले की देशात कुठे किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद ना गृह मंत्रालयाकडे आहे ना दूरसंचार विभागाकडे. ती नोंद स्वयंसेवी संस्था ठेवतात: स्थानिक बातम्या आणि लोकांनी कळवलेली माहिती एकत्र करून, जिल्हा आणि तारखेसह.