गाडी बंद पडली की काय?

सकाळी सव्वासहाला मी फर्मागुडीचा चढ चढत असतो. मागून स्कूटर येते, वेग कमी होतो, हेल्मेट वळतं. "कितें जालें? गाडी बंद पडली?" मी सांगतो, नाही हो, असाच चालतोय. समोरचा क्षणभर घोटाळतो. घरात काही बरंवाईट झालंय का, हे विचारावं की नको अशा पेचात असतो बिचारा. मग "बरें तर" म्हणून निघून जातो. दोन वर्षं हेच चाललंय. एकदा तर एका पायलटाने (गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी: विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडं नेणारा) फुकट सोडतो म्हणून गाडी थांबवली. पायी जाणाऱ्या धडधाकट माणसाची त्याला खरोखर कीव आली होती.

चालायला लागलो ते जत्रेमुळे. डॉक्टरांना श्रेय देत नाही, कारण ते सात वर्षं सांगत होते आणि मी सात वर्षं मान डोलावत होतो.

आमच्या देवळाच्या जत्रेला पालखी आत गेली की नाटक उभं राहतं. पहिली घंटा मध्यरात्रीनंतर. तीन वर्षांपूर्वी मला सरदाराचं काम होतं. तिसऱ्या अंकात तलवारीचे चार हात, आणि त्याला लागूनच दीड पानाचं स्वगत. तालमीत हे स्वगत मी खुर्चीवर बसून म्हणायचो, त्यामुळे झकास जमायचं. जत्रेच्या रात्री चार हात झाले, समोरचा पडला, मी प्रेक्षकांकडे वळलो, पहिलं वाक्य टाकलं. दुसरं आलंच नाही. विसरलो नव्हतो. विंगेतून प्रॉम्टर सांगतही होता. श्वासच उरला नव्हता. ड्रेपरीवाल्याकडे माझ्या पोटाच्या मापाचा सरदार नव्हता म्हणून अंगरखा मागून दोन टाचण्यांनी ओढून बसवलेला, त्यातली एक नेमकी तेव्हाच सुटली. सगळा मांडव गप्प. आणि दुसऱ्या रांगेतून आमच्या वाड्यावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "उदक दिया रे ताका!" (पाणी द्या रे त्याला!)

ते वाक्य त्या रात्रीचं सर्वांत गाजलेलं वाक्य ठरलं. मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा मला बघून अजून म्हणतात.

आमचा तालुका फोंडा. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, केसरबाई केरीच्या. एवढ्या गळ्यांच्या मुलखात एका हौशी नटाला दीड पान स्वगताला दम पुरू नये याची लाज वाटली. पुढच्याच आठवड्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.४ आली. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा, एक पाऊल आत. इथे मी एकटा नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीचे देशभरातले आकडे आले, त्यात मधुमेहात गोवा पहिला: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. चवथीला आमच्याकडे आरतीला पंचवीसेक मोठी माणसं जमतात. त्यातल्या सहा-सात जणांच्या ताटातल्या नेवऱ्या (करंज्या) कोणी मोजत नाही, ते स्वतःही नाहीत.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, तो विषय प्रत्येकाच्या घरातल्या भांडणाचा आहे. मी एवढंच केलं: दुपारचं शीत (भात) निम्म्यावर आणलं, हुमण (माशांची आमटी) तेवढंच ठेवलं. पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याचे उंडे घ्यायचो ते सोडून कोंड्याची पोई घ्यायला लागलो. दहा वाजताची उकड्या तांदळाची पेज सोडवली नाही. सोडणारही नाही.

आधी जिमला गेलो होतो, खोटं कशाला बोला. तीन महिन्यांचे पैसे भरले, अकरा दिवस गेलो. जिमविषयी माझी तक्रार नाही. मुलगा जातो, त्याचा दंड माझ्या मांडीएवढा झालाय, स्वयंपाकघरात त्याच्या पावडरीचा डबा तांदळाच्या डब्याला खेटून बसतो. फक्त एक गोष्ट मला कळत नाही. घरापासून जिम साडेसातशे मीटर. हा मुलगा तिथे स्कूटरने जातो आणि आत गेल्यावर पट्ट्यावर अर्धा तास चालतो. विचारलं तर म्हणतो, "बाबा, रस्त्यावर चालायला जागा आहे का?"

आणि इथेच तो बरोबर आहे. ही पोस्ट खरं तर त्यासाठी आहे.

माझ्या रोजच्या वाटेतला महामार्गाचा तुकडा सांगतो. पणजी-बेळगाव रस्ता, पूर्वीचा ४ए, आता ७४८. डांबर संपतं, तिथून वीतभर जागा, मग गटार. गटारावरच्या लाद्या काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी नाहीत, आणि जिथे नाहीत तिथे कोणीतरी परोपकारी माणसाने झाडाची फांदी खोचून ठेवलीय. जून लागला की त्या वीतभर जागेवर कमरेएवढं गवत येतं, लाद्यांवर शेवाळ धरतं, आणि पायी माणूस डांबरावर ढकलला जातो. मागून बस, पुढून ट्रक, मधून भाड्याच्या गाडीतले पर्यटक मोबाईलवर रस्ता बघत. गेल्या श्रावणात काळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या, एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला. आरसा दुमडला, कोपर सुजलं. गाडीतल्या पोराने काच खाली करून मलाच विचारलं, "अंकल, रोड पे क्यूं चल रहे हो?" उत्तर सुचलं नाही. चांगलं उत्तर नव्हतंच.

डॉक्टर सांगतात आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. दीडशे मिनिटं माझ्याकडे आहेत, तीन फूट रस्ता नाही.

रुंदीकरणाच्या विरोधात मी नाही. जुवारीचा नवा पूल झाला तेव्हा मीही मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. पण रस्ता रुंद होतो म्हणजे कोणासाठी? आमच्या घरात माणसं चार, गाड्या तीन, आणि पायांच्या जोड्या चार. जास्त संख्येच्या वस्तूचा विचार नकाशात कुठे दिसत नाही.

चालणारे कमी आहेत, त्यांच्यासाठी पैसे कशाला, असं मला एकाने ऐकवलं. एकदा पहाटे माझ्याबरोबर या म्हटलं. मी एकटा नसतो. पावणेसातला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे कामगार रांगेने बसथांब्यापर्यंत चालत असतात, डबा हातात. बांधकामावरच्या बायका डोक्यावर घमेलं उलटं घालून जातात. पेपरवाला, मासळीवाली, शाळेतली मुलं. ही सगळी माणसं रोज माझ्या दुप्पट चालतात, पण त्यांच्या चालण्याला कोणी फिटनेस म्हणत नाही आणि त्यांची गाडी बंद पडली का असंही कोणी विचारत नाही. ती चालणारच, असं आपण धरून चालतो. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे, "घाटी". चहाच्या टेबलावर तो सहज पडतो. घर त्यांच्याकडून बांधून घ्यायचं, माटव (मांडव) त्यांच्याकडून घालून घ्यायचा, आणि मग गोवा भायल्यांनी बिघडवला म्हणून उसासे टाकायचे. या शब्दावरून मी दोन मित्र गमावलेत. त्यांनी ही पोस्ट वाचली तरी चालेल.

बायकांचं वेगळंच. आमची ही रस्त्यावर चालायला येत नाही. पहाटे अंधार, कुत्री, आणि एकटी बाई दिसली की हळू होणाऱ्या गाड्या. ती देवळाच्या आवारात प्रदक्षिणा घालते. रोज एकवीस. पुजाऱ्याला वाटतं नवस आहे. खरं म्हणजे हातात फोन असतो आणि ती पावलं मोजत असते. तिच्यामागून आता आणखी पाच-सहा जणी यायला लागल्यात. चपला काढून, फरशीवर, अनवाणी. गुडघ्यांना ते बरं नाही हे तिलाही माहीत आहे. पण तिथे दिवा असतो, माणसं असतात, आणि मागून कोणी हॉर्न वाजवत नाही. अर्ध्या गावाला चालण्यासाठी देवाच्या आवाराशिवाय जागा नसावी, हे काही भक्तीचं लक्षण नव्हे.

आणि पूर्वी जागा होती. माझे आजोबा पणजीला जायचे ते दुर्भाटच्या धक्क्यावरून लाँचने, आणि धक्क्यापर्यंत चालत. ते पोर्तुगीज काळातलं, सोडून देऊ. पण मी शाळेत होतो तेव्हापर्यंत, म्हणजे घटक राज्य झालं त्या १९८७ च्या आसपाससुद्धा, वाड्यावरून डोंगरावर जायला पायवाट होती. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेने, पाटाच्या बाजूने, एक साकव ओलांडायचा, मग काजूंतून सरळ वर. मार्चमध्ये त्या वाटेला बोंडूंचा (काजूफळांचा) वास यायचा, डोकं जड व्हायचं. महामार्गाला पाय लागायचाच नाही. ती वाट आजही असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. चार वर्षांपूर्वी काजूंच्या जागी चिऱ्याचं कुंपण आलं, कुंपणाला फाटक, फाटकाला वॉचमन. वॉचमन भला माणूस आहे, मला आत सोडायचा. मग वर कॅमेरा बसला, तेव्हा त्याने हात जोडले.

त्यावर मी एका ग्रामसभेत उभा राहिलो. पारंपरिक वाट आहे, लोकांच्या वहिवाटीची आहे, म्हटलं. कागद मागितला. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सात-बारा) वाट दिसत नाही म्हणाले. दिसणार कशी? ती कोणी काढलीच नव्हती, पायांनी पडली होती. शेवटी "अर्ज द्या" वर गाडी थांबली. अर्ज दिला. पोच मिळाली. पोच कपाटात आहे.

हे माझ्याच वाड्याचं रडगाणं असतं तर एवढं लांबवलं नसतं. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, प्रादेशिक आराखड्यातल्या 'नजरचुका' सुधारण्यासाठी. पुढच्या वर्षी ३९(अ) आलं, जमिनीचा झोन, म्हणजे वापराचा प्रकार, बदलण्यासाठी. यावर लोक बोलतात तेव्हा शेती आणि डोंगर यांच्याविषयी बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्येक बदललेल्या झोनच्या पोटातून एक पायवाट जात असते, तिचं नाव कुठल्याच हरकतीत नसतं. एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य. इथे चालण्याची एक वाट गेली की बाजूची दुसरी मिळत नाही.

मध्येच भाषेचं, कारण कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच की गोव्याचा प्रश्न मराठीत का लिहितोस. घरात कोंकणी बोलतो, नाटक मराठीत करतो, आरती मराठीत म्हणतो, भांडण दोन्हींत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने दोन्हींना जागा दिलीय, माझ्या जिभेवर ती आधीपासून आहे. पुढे.

आता घुमट, म्हणजे आमचं मातीचं वाद्य. चालण्याचा फायदा वजनकाट्यावर फारसा दिसला नाही, चार किलो. साखर ५.८ वर आली. खरा फायदा कळला तो चवथीला. ज्यांनी कधी वाजवलं नाही त्यांना वाटतं घुमट म्हणजे मडकं बडवणं. ते मडकं गळ्यात अडकवलेलं असतं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडावर कातडं. उजवा हात कातड्यावर, डावा लहान तोंडावर. डाव्या तळव्याने हवा कोंडायची, सोडायची, त्यातून तो 'घुं' निघतो. कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. जुने वाजवणारे नाक मुरडतात, नाद तसा येत नाही म्हणतात. खरं आहे, थोडा बोदा येतो. पण घोरपडही जगली पाहिजे. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. ते बकऱ्याच्या कातड्यामुळेच जमलं.

तर घुमट गळ्यात, शामेळवाला (ढोल) शेजारी, कासाळीवाला (झांजा) समोर, आणि घरोघर आरती. एका घरात तीन-चार आरत्या म्हटल्या तरी रात्री आठ घरांत पंचवीस-तीस होतात. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या घरात मी घुमट दुसऱ्याच्या गळ्यात घालून पायरीवर बसायचो, घाम पुसत, "पोरांना शिकू दे" असं म्हणत. यंदा आठही घरं वाजवली, वर गायलोही. शेवटच्या घरातल्या काकांनी विचारलं, "कितें खाता रे तूं?" म्हटलं, काही नाही, चालतो. ते म्हणाले, "गाडी विकली?"

परवा जत्रेच्या नाटकाची पात्रं वाटली. सरदार भाच्याकडे गेला. त्याचं पोट सपाट आहे आणि दिग्दर्शक त्याचा मामेभाऊ आहे, दोन्ही कारणं मी समजू शकतो. मला हेराचं काम आलंय. प्रवेश दोनच, आणि दोन्हीत लांबून धावत येऊन बातमी सांगायची आहे. ड्रेपरीवाल्याला माप कळवलंय. टाचण्या नको म्हटलं.