टक्का बघा, कशाचा ते विचारू नका

आकाशकंदील तयार आहेत, आता ते ऑनलाइन विकून देणारा माणूस हवा. तीन-चार कोटेशनं आली असतीलच. निवड अगदी सोपी: ज्याच्या कागदावर कमिशनचा सर्वांत लहान आकडा, तो आपला. पाच टक्केवाला समोर बसलेला असताना जो पंधरा टक्केवाल्याकडे वळतो, त्याला धंदा कळत नाही.

मात्र 'पाच टक्के कशाचे?' असं चुकूनही विचारू नका, समोरचा दुखावतो. त्याचे पाच टक्के बहुधा आलेल्या ऑर्डरींवर असतात, पोचलेल्या मालावर नव्हे. कॅश ऑन डिलिव्हरीत तर ऑर्डर टाकणारं गिऱ्हाईक दार उघडेलच असं नाही. समजा, कंदील ६०० रुपयांचा. दिवाळीत २०० ऑर्डरी आल्या, त्यातले ४० परत फिरले. पाच टक्केवाला १,२०,००० ची विक्री धरून ६,००० घेईल. विक्रीच्या वेबसाइटवर अकाउंट उघडून दिल्याचे ५,०००. तीस डिझाइनं चढवल्याचे, नगामागे १०० प्रमाणे, ३,०००. जाहिरातीवर तुमचे २०,००० खर्च झाले, ते खर्च करण्याच्या श्रमांचे दहा टक्के म्हणजे २,०००. झाले १६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १८,८८०. पंधरा टक्केवाला पोचलेल्या ९६,००० वर १४,४०० लावतो, वेगळं काही मागत नाही. जीएसटी धरून १६,९९२. म्हणजे पाच टक्के पंधरापेक्षा १,८८८ रुपयांनी महाग पडले. पडू देत. पाच हा आकडा लहान तो लहानच. (तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या योजनेत, असाल तर भरलेला तो जीएसटीही परत मिळत नाही. बचतीच्या आनंदात एवढं चालतं.)

खुद्द सरकार ई-कॉमर्सवरचा टीसीएस (तुमच्या विक्रीच्या पैशांतून वेबसाइटच कापून घेते तो जीएसटी) लावताना आधी परत आलेला माल वजा करतं. सरकारलाही सुचली नाही अशी वसुली करणारा माणूस तुम्हाला मिळाला, हे भाग्यच. हा टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे आणि तसाच कापला जाणारा प्राप्तिकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. दोन्ही तुमच्याच नावावर जमा होतात. पहिला जीएसटी पोर्टलवर स्वीकारला की कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या तुमच्या खात्यात, येतो, दुसरा रिटर्न भरताना वळता होतो. तुमच्या माणसाने ते 'इतर खर्च' या ओळीत टाकले असतील, तर तिथेच सुखाने राहू द्या.

शून्य टक्केवालाही भेटेल. तो कमिशन घेत नाही, महिन्याला फक्त ९,००० घेतो. करार किमान बारा महिन्यांचा, म्हणजे १,०८,०००. कंदिलाचा हंगाम दोन महिन्यांचा असतो, पण चैत्रातही कुणीतरी आपले कंदील सांभाळतंय ही भावना मोलाची आहे.

वेबसाइटवर खोक्याची मापं तुमच्या माणसालाच टाकू द्या. वजनकाट्यावर कंदील भरतो ६०० ग्रॅम. पण कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात आणि हे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं, तर त्याचेच पैसे लावतात. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात उघडा कंदील घातला की ६४,००० भागिले ५,०००, म्हणजे १२.८ किलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. तोच कंदील घडीचा करून ४२ × ४२ × ४ च्या चपट्या खोक्यात घातला तर १.४१ किलो. पण घडीचा कंदील म्हणजे सांगाडा बदलणं, जोडणीचा कागद छापणं, नसती उठाठेव! शिवाय पाठवणीचं बिल त्याच्या कोटेशनमध्ये कुठे धरलंय? गोदामात खोकं पुन्हा मोजून जादा आकार लागला, तरी मेजरिंग टेप लावून काढलेला फोटो जवळ ठेवू नका, नाहीतर तक्रार करता येईल. परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओही नको. दाव्याला मुदत असते, ती आपोआप उलटते. भाऊबीज झाल्यावर मेणाचे डाग पडलेला कंदील 'आवडला नाही' म्हणून परत येईल, तेव्हा वाद घालायचं कारणच उरणार नाही.

सेलमध्ये किंमत किती उतरवायची, हेही त्याच्यावर सोडा. ६०० चा कंदील ५०० ला लावला की त्याचे ३० चे २५ होतात. बिचाऱ्याचे पाच रुपये गेले. तुम्हाला नगामागे १२० सुटत होते, त्यातले बहुतेक गेले, पण ऑर्डरींचा आलेख बघा कसा चढलाय! जाहिरातीचंही तसंच. 'रोआस चार आला', म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपयांची विक्री झाली, असं तो सांगेल, तेव्हा पेढे वाटा. २०,००० च्या जाहिरातीतून ८०,००० ची विक्री झाली. तुमचा नफा वीस टक्के, म्हणजे १६,०००. चार हजार गेले कुठे, हे विचारायचं नाही. जाहिरात जितकी जास्त, तितके त्याचे दहा टक्के जास्त, त्यामुळे हुरूप निदान एकाच्या अंगात तरी राहतो.

करारापूर्वी दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याचा, नाव झाकून, एका महिन्याचा पेमेंट रिपोर्ट दाखवा असं म्हणणं हा उद्धटपणा झाला. त्यात ऑर्डर, परतावा, पाठवणी आणि खात्यात आलेली रक्कम ओळीने दिसते, मग बोलण्यासारखं काही राहत नाही. अकाउंट त्याच्या ईमेलवर उघडू द्या, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येऊ दे. तुमच्याच अकाउंटवर त्याला मर्यादित अधिकारांचं युजर लॉगिन देता येत होतं, हे कळायची गरज नाही. फोटोंचे पैसे तुम्ही भरलेत, पण हक्क कुणाचा हे करारात लिहून घेऊ नका. सोडायचं झालं तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाळीच्या हिशेबाने कडू झालेलं तोंड गोड व्हायला संक्रांत उजाडते, नोटीस चैत्रापर्यंत चालते, आणि पुढच्या हंगामाला तुमचं नवं अकाउंट शून्य रेटिंगवर उघडतं. जुन्यावर तुमचेच फोटो लावून दुसऱ्याचे कंदील विकले जात असतात. त्याचं कमिशन चार टक्के आहे म्हणे.