दाताच्या कण्या

गेली अकरा वर्षे माझा पासपोर्ट ब्रिटिश असल्यामुळे कायद्याच्या भाषेत गुहागर हा माझ्यासाठी परदेश आहे, आणि म्हणून गेल्या मे महिन्यात मी तिथे जाऊन जे काही केले त्याला इकडची वर्तमानपत्रे ‘डेंटल टुरिझम’ म्हणतात. आमची आत्या त्याला ‘ऐन आंब्याच्या दिवसांत दात घेऊन आला’ असे म्हणते. तिचे वर्णन अधिक बिनचूक आहे.

मला झोपेत दात खाण्याची सवय आहे. ‘सवय’ हा शब्द माझा. बायकोचा शब्द ‘छळ’. तिच्या म्हणण्याप्रमाणे रात्री दोनच्या सुमारास आमच्या लीड्सच्या घरात कुणीतरी जात्यावर नाचणी दळायला बसते, मध्येच थांबते, जात्यात मूठभर खडे टाकते आणि पुन्हा सुरू करते. वैद्यकात ह्या प्रकाराला ब्रक्सिझम म्हणतात. 1907 साली मारी आणि पिएत्किएविच ह्या दोघांनी फ्रेंचमध्ये ‘ब्रुक्सोमानी’ असा शब्द वापरला, त्याच कुळातले हे नाव. मराठी माणूस मात्र त्यासाठी फ्रेंचांची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या दात-ओठ खात आलेला आहे. पुढे 2018 साली देशोदेशीच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन असे ठरवले की एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत हा रोग मानू नये, ती चावण्याच्या स्नायूंची एक हालचाल समजावी. हा मजकूर मी मोठ्या आनंदाने बायकोला वाचून दाखवला. ‘म्हणजे रोग तुम्हांला नाही,’ ती म्हणाली, ‘ऐकणारीला आहे.’

ह्या निरोगी हालचालीने एके सकाळी माझ्या खालच्या दाढेचा टवका उडवला, तोही चहात बुडवलेल्या पावावर. सुपारी दाताने फोडणाऱ्या माणसांच्या घराण्यात माझा जन्म झालेला आहे, त्यामुळे ही गोष्ट गुहागरात कळवताना मी पावाच्या जागी बदाम घातला. लीड्समध्ये चौकशी केली तेव्हा खाजगीत एका कॅपचे आठशे पौंड, म्हणजे नव्वद हजारांच्या आसपास, असा आकडा निघाला. रात्री दातांवर चढवून झोपायच्या गार्डचे वेगळे, आणि जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सची इंजेक्शने घ्यायची हौस असेल तर तिचे आणखी वेगळे. चिपळुणातल्या एका दवाखान्याने तीच कॅप आठ हजारांत सांगितली. विमानाचे तिकीट मी ह्या हिशेबात धरलेच नाही. ते ‘नाहीतरी आत्याला भेटायला जायचेच होते’ ह्या खात्यावर टाकले, आणि दातांसाठी देशांतर करणारे सगळेच असे एक खाते उघडून बसलेले असतात अशी माझी खात्री आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. ‘या काका, बसा,’ म्हणून त्यांनी खुर्ची मागे कलवली आणि माझ्या त्रेपन्न वर्षांच्या तारुण्याचा पहिला टवका तिथे उडाला. मी कैफियत मांडायला तोंड उघडले, ते त्यांनी तपासणीसाठी उघडले आहे असे समजून आरसा आत घातला आणि मी काही न सांगता सगळे सांगून टाकले. गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी शीर उमटलेली आहे. जिभेच्या कडा करंजीसारख्या कातरलेल्या दिसतात. दाढांचे उंचवटे झिजून पाट झाले आहेत आणि दोन ठिकाणी दातावरचे कवच, म्हणजे एनॅमल, जाऊन आतले पिवळे डेंटिन उघडे पडले आहे. एनॅमल हे शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य, पण गेलेले एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. मी माझ्याच शरीरातल्या सर्वांत मजबूत वस्तूचा त्याच वस्तूने चुरा केला होता. आपलेच दात आणि आपलेच दात, ओठांचा संबंधच नाही.

‘सकाळी कानशिलं दुखतात? घोरता? संध्याकाळनंतर कॉफी? टेन्शन?’ त्यांनी विचारले. पहिल्या तीन प्रश्नांना मी हो म्हटले, आणि घोरण्याबरोबर श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. चौथ्या प्रश्नाला मी म्हणालो की सुट्टीवर आलो आहे, समुद्र पाहतो आहे, टेन्शन कसले? तेवढ्यात त्यांनी कामाचा क्रम सांगितला आणि ते सुरू झाले.

क्रम असा होता: आधी कॅप आणि मग गार्ड, कारण कॅप बसली की चावा थोडा बदलतो आणि आधी करून ठेवलेले गार्ड मग बसत नाही. कॅपसाठी दाढ कोरून माप घ्यायचे, ते कोल्हापूरच्या लॅबला जाणार, कुंभार्ली घाटातून पार्सल परत येणार, कॅप बसवायची, मग गार्डचे माप, पुन्हा कोल्हापूर, पुन्हा घाट, मग गार्ड जुळवायचे, आणि आठवडाभर वापरून झाल्यावर ते पुन्हा तपासायचे. सगळे सुरळीत झाले तर बरोबर एकवीस दिवस. माझी सुट्टी बावीस दिवसांची होती आणि त्यातला एक दिवस मी त्या वेळी त्यांच्या खुर्चीतच घालवत होतो.

माप घेणे म्हणजे काय ते ज्याने दिले आहे त्यालाच कळेल. पुदिन्याच्या वासाचा गुलाबी लगदा लोखंडी साच्यात भरून टाळूवर दाबून धरतात, आणि तो घट्ट होईपर्यंतच्या दोनेक मिनिटांत माणसाला आपल्या घशाचा शेवट नेमका कुठे आहे हे कळते. ‘नाकाने श्वास घ्या काका, पायाची बोटं हलवा,’ असे त्या म्हणत होत्या. पायाच्या बोटांचा टाळूशी काय संबंध ते मला अजून उमगलेले नाही, पण मी ती भक्तिभावाने हलवली.

कॅप येईपर्यंत दाढेवर तात्पुरते टोपण होते आणि चिकट, कडक, चिवट काही खायचे नव्हते. मे महिन्यात गुहागरात चिकट, कडक आणि चिवट ह्यांखेरीज काय असते? फणसपोळी गेली, आंब्याचे साठ गेले, भाजलेल्या आठळ्या गेल्या. रसाला परवानगी होती आणि सांदणाला होती, त्यामुळे मी सकाळ-संध्याकाळ रसात सांदण बुडवून खात असे, आणि येणारे-जाणारे, विलायतेत माणसाचे काय हाल होतात, ह्या नजरेने माझ्याकडे पाहत.

आत्याचे निदान मात्र पहिल्याच रात्री झाले होते. ‘पोटात जंत आहेत तुझ्या. लहानपणीही असाच दात खायचास.’ दुसऱ्या दिवसापासून वावडिंगाचा काढा सुरू झाला. जंतांचा ह्याच्याशी संबंध नाही, झोप किंचित चाळवली जाते आणि त्या क्षणी जबड्याचे स्नायू जागे होतात, असे मी तिला समजावून सांगितले. ‘मग ती झोप का चाळवते?’ तिने विचारले. मी गप्प बसलो. ‘जंत,’ ती म्हणाली.

गार्ड जुळवण्याचा दिवस हा ह्या सगळ्या यात्रेचा गाभारा होता. वरच्या दातांवर बसणारी ती पारदर्शक, कडक अॅक्रिलिकची पट्टी चढवल्यावर डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाल्या, ‘चावा. टक-टक करा. आता घासा. डावीकडे. उजवीकडे.’ कागद जिथे निळा ठिपका उमटवी तिथे पट्टी उंच. ती काढून फिरत्या यंत्रावर घासायची, धुवायची, पुन्हा चढवायची, पुन्हा कागद. जी गोष्ट मी तीस वर्षे झोपेत निष्णातपणे करत आलो होतो ती जागेपणी, उजेडात, दोन बायकांसमोर मला जमेना. उजवीकडे म्हटले की मी डावीकडे जाई. ‘काका, रात्री करता तसं करा,’ मदतनीस मुलगी म्हणाली. रात्री मी काय करतो हे मला कधीच पाहायला मिळालेले नाही, आणि जिने पाहिले आहे ती सात हजार किलोमीटरांवर शांत झोपली होती. अकरा वेळा घासल्यावर ठिपके दोन्ही बाजूंना सारखे पडले. ‘ह्याने दात खाणं थांबेलच असं नाही हं,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘फक्त दातांऐवजी हे खाल.’

घरी आल्यावर प्रश्न निघाला की हे ठेवायचे कुठे. तोंडातून काढलेली वस्तू उष्टी. ती स्वयंपाकघरात नको, देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कोनाड्यात तर मुळीच नको. शेवटी आत्याने पडवीतल्या खिडकीत, जिथे तिची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात असते, तिच्या शेजारी मला दुसरी वाटी दिली. रात्री साडेनऊला ती दात काढून ठेवी आणि मी चढवी. सकाळी ती चढवी आणि मी काढी. घरात एकूण दातांची संख्या त्यामुळे कायम राहत असे.

तिसऱ्या सकाळी माझी वाटी रिकामी होती. आत्या न्हाणीघरापाशी होती. ‘बुळबुळीत लागत होतं,’ ती म्हणाली, ‘चांगलं उकळून काढलंय.’ चुलवणावरच्या तपेलीतून तिने चिमट्याने जे बाहेर काढले त्याचा आकार काजूगरासारखा झाला होता. गरम पाणी लावू नका असे मला बजावले होते. ते मी आत्याला बजावायला हवे होते. ‘माझी कवळी कधी अशी झाली नाही,’ ती म्हणाली, आणि त्यात थोडा अभिमान होता.

चिपळूणच्या एसटीत बसून मी पुन्हा त्या खुर्चीत गेलो आणि अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. प्लास्टरचा साचा त्यांनी जपून ठेवला होता म्हणून दुसरे गार्ड चार दिवसांत झाले. ते मला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मिळाले, आणि आठवड्यानंतरची जी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची असे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितले होते, तिच्या वेळी मी लीड्समध्ये होतो. तिथल्या दंतवैद्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायला अत्यंत सभ्य शब्दांत नकार दिला.

दिवसा करायचा व्यायाम तेवढा मी सोडलेला नाही: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक टाळूला. हे करताना चेहऱ्यावर जो भाव येतो तो पाहून कचेरीत दोघांनी मला घरी सगळे ठीक आहे ना असे विचारले.

बायकोच्या मते आवाज थांबलेला नाही, बदलला आहे. पूर्वी जाते होते, आता कुणीतरी ओल्या फरशीवरून प्लास्टिकची बादली ओढते. दोन महिन्यांनी पट्टीवर दाढांच्या जागी चकचकीत खळगे दिसू लागले तेव्हा घाबरून मी फोटो चिपळूणला पाठवला. डॉक्टरांचे उत्तर पाच मिनिटांत आले: ‘छान झिजतंय, काका! दिवाळीत येताना घेऊन या.’ खाली आत्याचा निरोपही होता, कारण ती त्या वेळी तिथेच, कवळी घट्ट करून घ्यायला बसली होती: वावडिंग संपले असेल तर कळव.