त्यागराजांच्या आधीचे तमिळ रचनाकार कुठे गेले?
पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् (म्हणजे मुखडा, त्याला जोडून येणारा भाग आणि पुढचं कडवं) हा कर्नाटक संगीतातल्या गाण्याचा साचा त्यागराजांनी घडवला असं त्यांच्यावरच्या या लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. त्यागराज जन्मले 1767 साली, आणि त्याच्या कितीतरी आधी तमिळनाडूतल्या शीर्काळी गावचे मुत्तु तांडवर चिदंबरमच्या नटराजावर याच साच्यात तमिळ पदं रचत होते. त्यागराजांच्या आधीचेच दुसरे तमिळ रचनाकार अरुणाचल कवी, त्यांचं तर लेखात नावही नाही! त्यांच्या रामनाटकातलं ‘यारो इवर यारो’ (‘कोण बरं ही, कोण’) हे पद एकदा कर्नाटक संगीतातल्या भैरवी रागात ऐका, मिथिलेत सीतेला पहिल्यांदा बघून राम विचारतो ही कोण, आणि गायिका त्या ‘यारो’वरच रेंगाळत राहते, माझ्या तर अंगावर काटा येतो. चेन्नईत मी ऐकलेल्या बऱ्याच कच्चेऱ्यांत (मैफलींत) मात्र तमिळ पदं शेवटी, लोक उठायला लागल्यावर, याचं फार वाईट वाटतं.