गाळ काढल्याने बंगळूरचा पूर थांबणार नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या आउटर रिंग रोडच्या आसपास ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला निघालेले आयटीवाले साऱ्या देशाने पाहिले. तेव्हापासून पावसाळा आला की मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. त्याचं सार असं: बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांनी पूर अडवायला तलाव बांधले, आपण ते गाळाने भरू दिले. आता गाळ उपसून तलाव खोल करा, नाले काँक्रीटने पक्के करा, अतिक्रमणं पाडा, घरोघरी शोषखड्डे खणा. पूर इतिहासजमा होईल, आणि पुण्या-नागपूरनेही हेच करावं.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी वाटते. पण यातल्या एकाही मुद्द्यात पाण्याचा हिशेब मांडलेला नाही, आणि तो न मांडता काम झालं तर पैसेही जातील आणि घरातही पाणी येईल.

“पूर अडवायला तलाव बांधले.” शेतीसाठी बांधले. कितीतरी तर केंपेगौडांच्याही आधीचे आहेत. बंगळुरातल्याच आगरा इथल्या, गंग राजवटीच्या काळातल्या शिलालेखात तलावाच्या मोऱ्यांचा, म्हणजे पाणी सोडायच्या दारांचा, उल्लेख आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळुरात होती तेव्हाही हे तलाव खालच्या भातखाचरांना पाणी पुरवत होते. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या तलावात, अशी ती साखळी. मोरी उघडण्याचं काम नीरगंटीकडे, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्यासारख्या माणसाकडे असायचं. पिकाला पाणी देता देता उन्हाळ्यापर्यंत तलाव उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यात आपोआप जागा झालेली असायची. पूर कमी व्हायचा तो या रिकाम्या जागेमुळे.

“गाळ काढून खोल करा.” सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो, म्हणून इथे जरा थांबू.

तलाव पूर किती अडवतो हे तळ किती खाली आहे यावर ठरत नाही. पाऊस सुरू होतो त्या क्षणी पाण्याची पातळी आणि सांडव्याची उंची यांत किती अंतर आहे, यावर ते ठरतं. बंगळुरात हे अंतर जवळपास उरलेलंच नाही. शहरात शंभर किलोमीटरवरून कावेरीचं पाणी उचलून आणतात. २०२२ च्या सुमारास ते रोज १,४०० दशलक्ष लिटरच्या वर होतं. वापरून झालेलं हे पाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच, याच खोऱ्यांमध्ये उतरतं. त्यामुळे बेळंदूरसारखे तलाव वर्षानुवर्षं भर मे महिन्यातही भरलेले राहिले. असा तलाव दोन मीटर खोल केलात तर ते दोन मीटर काही आठवड्यांत सांडपाण्यानेच भरतील.

आकडे पाहा. बेळंदूर तलाव सुमारे ३६० हेक्टरांचा. त्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागाचं पाणी त्यात उतरतं तो भाग, साधारण दीडशे चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दीड कोटी घनमीटर पाणी होतं. निम्मं वाहून आलं असं धरलं तरी ७५ लाख. तलावाच्या एका मीटरमध्ये ३६ लाख घनमीटर मावतं. म्हणजे तेवढं पाणी धरायला तलाव दोन मीटर रिकामा हवा. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहरात सुमारे १३० मिलिमीटर पडला होता, तोही आधीच्या आठवड्यांतल्या पावसाने जमीन ओलीचिंब असताना.

खेड्यातल्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावातला गाळ जरूर काढावा. तिथे त्याचा फायदा होतो, गाळ शेतालाही मिळतो. शहरातल्या बारमाही तलावाला आधी हवी पातळी उतरवता येईल अशी मोरी आणि ती उघडणारा जबाबदार माणूस.

आणखी एक गोष्ट. खोलीकरणाबरोबर भोवती उंच बांध घालून त्यावर चालण्याचा ट्रॅक करायची पद्धत पडली आहे. पूर्वी एका बाजूला पाळ असे आणि बाकी तीन बाजूंनी जमीन हळूहळू पाण्यात उतरे. पाणी चढलं की तिथे पसरायचं, उतरलं की गवत यायचं. बांधाने ही पसरायची जागा हिरावली आणि आजूबाजूच्या वस्तीतलं पाणी बांधाच्या बाहेर तुंबवलं. जक्कूर तलावात शुद्ध केलेलं सांडपाणी आधी पाणवनस्पतींच्या उथळ पाणथळीतून जातं आणि मग तलावात येतं. अशा उतरत्या, ओल्या कडा ‘अस्वच्छ’ म्हणून कापायच्या नसतात. रचनेतलं खरं काम त्याच करतात.

“नाले पक्के करा.” गुळगुळीत काँक्रीटमधून पाणी वेगाने पळतं, म्हणजे खालच्या वस्तीत लवकर आणि एकदम पोहोचतं. बेळंदूरचं पाणी खालच्या वर्तूर तलावाला जातं; वरच्यांची सुटका ही खालच्यांची आपत्ती ठरते. खरी अडचण नाले नाहीसे होण्याची आहे. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, २०२१ च्या अहवालानुसार कोरमंगला खोऱ्यातल्या नाल्यांची लांबी शतकभरात सुमारे ११३ किलोमीटरवरून ६३ वर आली. नाल्याला काठ, वळणं आणि पसरायला जागा परत द्यायला हवी. भिंतींनी ती आणखी आवळली जाते.

“अतिक्रमणं पाडा.” राजकालुव्यांवरची, म्हणजे मोठ्या नाल्यांवरची, पाडलीच पाहिजेत, श्रीमंतांचीही. पण मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आहे आणि कंठीरवा स्टेडियम संपंगी तलावाच्या. हे कुणी चोरून बांधलेलं नाही, सरकारनेच उभारलं. ते पाडणार नसू, तर पाण्याला दुसरी जागा ठरवून द्यावी लागेल: खोलगट मैदानं, उद्यानं, चार दिवस पाण्याखाली गेली तरी चालेल अशी मोकळी जमीन.

“घरोघरी शोषखड्डे.” भूजलासाठी उत्तम, मी स्वतः आग्रहाने सांगते. पण सर्जापूर रोडवरची रेनबो ड्राइव्ह ही वसाहत पाऊसपाणी जिरवण्यासाठी देशभर नावाजलेली आहे, आणि २०२२ मध्ये तिथेच बोटीने लोक बाहेर काढावे लागले. बाहेरच्या पाणलोटातून येणारा लोंढा आपल्या अंगणातल्या खड्ड्यात जिरत नाही.

राहिला “नागपूरने हाच धडा घ्यावा”. नागपूरला धडा आधीच मिळाला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पावसाळ्याच्या अखेरीला भरत आलेला अंबाझरी तलाव ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं गेली. सांडव्याजवळचं विवेकानंद स्मारक पाण्याला अडथळा ठरतं, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तिथेही गाळ उपसण्याची मागणी होते. त्याऐवजी महापालिकेला हे विचारावं: ऑगस्टअखेर अंबाझरीची पातळी सांडव्याच्या किती खाली ठेवणार, ती उतरवायची सोय धरणात आहे का, आणि सांडव्यापुढे नाग नदीचं पात्र किती पाणी पेलू शकतं?